सीपीयू रिकामा दिसतो, मग रात्रीचा जॉब सकाळपर्यंत संपत का नाही?

रातपाळी

नमस्कार मंडळी,

चाकण भागात गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात मी रात्रीचा सिस्टिम ऑपरेटर आहे. आमचं स्टोअर, उत्पादन, बिलिंग सगळं आयबीएम आय या कंपन्यांच्या कामांसाठीच्या आयबीएमच्या सिस्टिमवर चालतं. म्हणजे ज्याला सगळे अजूनही एएस/४००च म्हणतात ते. महिनाअखेरीला स्टॉक व्हॅल्युएशनचा एक मोठा जॉब रात्री क्यूबॅचमध्ये (मागे चालणाऱ्या कामांच्या विभागात) टाकावा लागतो. पूर्वी तो पहिली पाळी सुरू व्हायच्या आत आरामात संपायचा. हल्ली सकाळी स्टोअरची माणसं येऊन उभी राहतात तरी हा चालूच.

वर्कअ‍ॅक्टजॉब (चालू जॉबची यादी दाखवणारी कमांड) लावलं की जॉबसमोर सीपीयू १.८ टक्के दिसतो, वर एकूण सीपीयू २० च्या आसपास. आमचे साहेब ते बघतात आणि म्हणतात, "मशीन रिकामं आहे, जॉब जिवंत आहे, चालू दे." व्हेंडर म्हणतो, मेमरी वाढवा.

माझं मत असं की सीपीयूचा रकाना त्या स्क्रीनवर सगळ्यात शेवटी बघावा. जॉब किती खातोय त्याआधी तो कशासाठी थांबलाय हे कळायला हवं. पण साहेबांना पटवायचं तर नुसतं मत पुरत नाही. तुम्ही चालू जॉबवर नजर ठेवताना आधी काय बघता? कोणत्या आकड्यावर भरवसा ठेवता?

सिस्टिमकाका

चांगला धागा. तुझं मत मला पटतं, पण साहेबांना पटवायचं असेल तर आधी तो १.८ कुठून येतो ते दाखव.

स्क्रीनच्या वरच्या भागात एकूण सीपीयूच्या शेजारी "इलॅप्स्ड टाइम" असतो. खाली दिसणारी प्रत्येक टक्केवारी त्या काळाची सरासरी असते. साइन ऑन केल्यावर पहिल्यांदा वर्कअ‍ॅक्टजॉब लावलंस की तिथे शून्य असतं. मग तू एफ५ (रिफ्रेश) दाबत राहिलास की खिडकी फक्त लांबत जाते. बाहेर पडून परत आलास तरी त्याच सेशनमध्ये जुनीच खिडकी पुढे चालते. म्हणजे पाळीच्या सुरुवातीला स्क्रीन उघडली आणि पहाटे चारला पाहिलं, तर दिसतो तो अख्ख्या रात्रीचा हिशेब. जॉबने सुरुवातीला भरपूर काम केलं असेल आणि नंतर तो गपगार पडला असेल, तरी सरासरीत १.८ उरतोच.

एफ१० दाब. आकडे नव्याने मोजायला सुरुवात होते. दोन-तीन मिनिटं थांब, मग एफ५. तो आकडा आत्ताचा.

एफ११ ने दुसरी बाजू उघडते. तिथे "सीपीयू" नावाचा वेगळा रकाना आहे, तो जॉब सुरू झाल्यापासूनचे एकूण सेकंद सांगतो. आणि "ऑक्सआयओ" म्हणजे या खिडकीत डिस्कवर किती वेळा जाणं झालं ते. दोन्ही जागचे हलत नसतील तर जॉब जिवंत आहे एवढंच म्हणता येतं, काम करतोय असं नाही.

वाटसरू_७०

वाखुसा (वाचनखूण साठवली).

माळावरचा_मुंगूस

आधी मेसेज वेट आहे का ते बघा हो! आमच्याकडे प्रिंटरचा रायटर "फॉर्म बदला" असा निरोप देऊन रात्रभर उत्तराची वाट बघत बसायचा. सकाळी झाडलोट करायला येणाऱ्या मावशीसुद्धा विचारायच्या, "साहेब, याला उत्तर दिलंत का?"

रातपाळी

@मुंगूस, मेसेज वेट नक्की नाही. क्यूसिसऑपरची, म्हणजे ऑपरेटरच्या निरोपांची, रांग मी दर तासाला बघतो, तिथे काही अडकलेलं नाही.

@काका, एफ१० ची गोष्ट आज रात्री करून बघतो.

टर्मिनलवाली

मी लिनक्सच्या बाजूची, हिरव्या स्क्रीनशी संबंध नाही. पण काकांनी सांगितलेला खिडकीचा मुद्दा आमच्याकडे तंतोतंत तसाच आहे आणि तिथेही रोज लोक फसतात.

"पीएस" कमांड जी सीपीयूची टक्केवारी दाखवते ती प्रोसेसच्या जन्मापासूनची सरासरी असते: वापरलेला सीपीयू वेळ भागिले एकूण आयुष्य. "टॉप" दाखवतं ते मागच्या रिफ्रेशपासूनचं, साधारण तीन सेकंदांचं. त्यामुळे आठवडाभर शांत असलेली प्रोसेस आत्ता बेफाम झाली तरी पीएसमध्ये ती गरीब दिसते. व्हीएमस्टॅट कमांडची पहिली ओळ तर मशीन बूट झाल्यापासूनची सरासरी असते. ती सोडून दुसऱ्या ओळीपासून वाचायचं.

आणि लोड अ‍ॅव्हरेज. म्हणजे सरासरी किती जॉब चालू किंवा खोळंबलेले आहेत तो आकडा. त्यावर वेगळा धागा निघेल, पण थोडक्यात सांगते. लिनक्समध्ये त्या आकड्यात फक्त सीपीयूसाठी थांबलेले जॉब नसतात. डिस्क किंवा एनएफएसची (नेटवर्कवरच्या फाइलींची) वाट बघत अडकलेले, म्हणजे "डी" अवस्थेतले जॉबही मोजले जातात. १९९३ पासून हे असंच आहे. त्यामुळे एनएफएस सर्व्हर गेला की लोड ८० आणि सीपीयू मात्र जवळपास पूर्ण रिकामा, हे दृश्य आम्हाला नवीन नाही. नवीन माणूस लगेच म्हणतो "सीपीयू वाढवा". तुमचा व्हेंडर मेमरी म्हणतोय, इतकाच फरक.

कोल्हापुरी_रांगडा

भावा, एवढा इचार कशाला? ज्यानं अडवलंय त्याला चार नंबरचा ऑप्शन मार, जॉबच बंद. विषय कट.

सिस्टिमकाका

रांगडा, कोणी अडवलंय हेच अजून कळलं नाही. आणि ऑप्शन ४ बद्दल नंतर सविस्तर बोलू, घाई नको.

न्यू_जर्सीकर

इथे एका विमा कंपनीत माझंही आयुष्य या मशीनवरच गेलं, म्हणून थोडं अवांतर. २१ जून १९८८ ला एएस/४०० जाहीर झालं. रॉचेस्टर, मिनेसोटामध्ये घडवलेलं. २००० मध्ये आयसीरीज झालं, २००६ मध्ये सिस्टिम आय, २००८ पासून आयबीएम आय. नावं बदलली तरी काम करणारे एएस/४००च म्हणतात, हे न्यू जर्सीतही आणि चाकणमध्येही सारखंच दिसतं!

या मशीनची मला सर्वांत आवडणारी गोष्ट म्हणजे सिंगल लेव्हल स्टोरेज. मेमरी आणि डिस्क मिळून एकच मोठा पत्त्यांचा पट्टा. प्रोग्रामला फाइल कुठे आहे याची फिकीर नाही. पण म्हणूनच "मेमरी कमी पडतेय का" हा प्रश्न जॉबच्या स्क्रीनवर सुटत नाही. त्यासाठी वर्कसिसएसटीएस लावून कोणत्या पूलमध्ये (मेमरीच्या वाट्यात) किती फॉल्ट होताहेत, म्हणजे हवं ते मेमरीत नसल्याने किती वेळा डिस्कवरून आणावं लागतंय, ते बघावं लागतं. व्हेंडरला विचारा: कोणत्या पूलचा, कोणत्या वेळचा फॉल्टचा आकडा बघून मेमरी सुचवलीत?

रातपाळी

काल रात्रीची हकीकत.

जॉब टाकला. पहिला टप्पा, म्हणजे व्यवहार गोळा करणं, व्यवस्थित चालला. स्टेटस "रन", ऑक्सआयओ पळत होता. मग तो शांत झाला. मी एफ१० दाबलं, थांबलो, एफ५ दाबलं. सीपीयू ०.०. ऑक्सआयओ जागच्या जागी. परत केलं, तेच.

स्टेटसच्या रकान्यात बहुतेक वेळा डीएलवायडब्ल्यू दिसतो. मधेच थोडा वेळ एलसीकेडब्ल्यू होतो, परत डीएलवायडब्ल्यू. सकाळी साहेबांना १.८ आणि ०.० शेजारी शेजारी दाखवले. ते पहिल्यांदाच खुर्ची ओढून बसले.

आता हे डीएलवायडब्ल्यू म्हणजे नेमकं काय समजायचं?

डेटाबेस_दादा

आता मजा येणार. स्टेटस एकेक बघू.

रन: काम चालू आहे, म्हणजे प्रोसेसरवर आहे, त्याच्या रांगेत आहे किंवा डिस्कवरून काही यायची वाट बघतोय. डीईक्यूडब्ल्यू: कुठल्यातरी रांगेतून काही येण्याची वाट बघतोय, सर्व्हर जॉब कायम यातच दिसतात, घाबरायचं कारण नाही. डीएसपीडब्ल्यू: समोरच्या माणसाने एंटर दाबायची वाट. ईव्हीटीडब्ल्यू: एखाद्या घटनेची वाट, मुख्यतः सिस्टिमच्या स्वतःच्या काही जॉबसमोर दिसतो. एमएसजीडब्ल्यू: निरोपाचं उत्तर हवंय. एलसीकेडब्ल्यू: फाइलसारख्या गोष्टीवर दुसऱ्या जॉबने धरलेल्या कुलपाची (लॉकची) वाट.

डीएलवायडब्ल्यू यात वेगळा. इथे सिस्टिमने जॉबला थांबवलेलं नाही. प्रोग्रामने स्वतः डिलेजॉब कमांड चालवून "मला इतके सेकंद झोपू द्या" म्हटलंय. आणि मधेमधे एलसीकेडब्ल्यू येतोय, म्हणजे मला दिसतंय ते असं: कोणीतरी सीएल प्रोग्राममध्ये (या मशीनच्या कमांडच्या भाषेत) लिहून ठेवलंय, फाइलवर कुलूप मागा, मिळालं नाही तर झोपा, उठून परत मागा. असा लूप शेवटपर्यंत फिरत राहतो आणि कधीच चूक दाखवून पडत नाही. म्हणून साहेबांना जॉब "जिवंत" दिसतो.

जॉबसमोर ऑप्शन ५ टाक. आत ११ ने कॉल स्टॅक बघ, कोणत्या प्रोग्रामच्या कोणत्या स्टेटमेंटवर उभा आहे ते कळेल. १० ने जॉब लॉग, तिथे एफ१० दाबून सगळे बारीक निरोप उघड. सीपीएफ१००२ हा निरोप दिसतो का सांग.

टर्मिनलवाली

हे मला फार आवडलं. तुमच्या मशीनवर स्टेटसचा रकाना इतका बोलका आहे याचं आश्चर्य वाटतं. आमच्या टॉपमध्ये एस, डी, आर, झेड अशी एकेक अक्षरं. "एस" म्हणजे झोपलाय, पण कशासाठी झोपलाय हे काढायला प्रॉकमधलं डब्ल्यूचॅन बघा, एसट्रेस लावा, असं खोदकाम करावं लागतं.

२०१८ च्या अखेरीस आलेल्या ४.२० कर्नेलपासून आमच्याकडे प्रेशरच्या फाइली आल्या. सीपीयू, मेमरी, आयओ यांपैकी कशासाठी जॉब किती टक्के वेळ खोळंबले ते थेट सांगतात. तेव्हापासून मी लोड अ‍ॅव्हरेज क्वचितच बघते. प्रश्न तुमच्या धाग्याचाच: किती खातोय यापेक्षा किती थांबतोय.

पाषाण_संशोधक

मला इथे थोडा उलटा मुद्दा मांडायचा आहे. सीपीयू शून्य म्हणजे काम बंद, हे तुमच्या बाबतीत निघालं. पण सीपीयू शंभर म्हणजे काम चालू, असंही नसतं.

मी पुण्यात संगणकीय रसायनशास्त्रात काम करते, आमचे जॉब सुपरकॉम्प्युटरवर स्लर्ममधून (जॉब रांगेत लावणाऱ्या सॉफ्टवेअरमधून) जातात. त्याच्या एसक्यू कमांडच्या यादीत जॉबसमोर "आर" (चालू) दिसतो, नोडवर जाऊन टॉप लावलं तर सगळे कोअर १०० टक्के. आणि आउटपुट फाइल तासन् तास एक ओळही पुढे सरकत नाही. कारण एमपीआयमध्ये, म्हणजे एकच काम अनेक प्रोसेसमध्ये वाटून चालवताना, एक रँक (प्रोसेस) दुसऱ्याच्या संदेशाची वाट बघत असतो तेव्हा बऱ्याच लायब्ररी झोपत नाहीत, "आला का, आला का" असं सतत विचारत कोअर फिरवत ठेवतात. संदेश लवकर पोचावा म्हणून केलेली सोय आहे ती. पण दोन रँक एकमेकांची वाट बघत अडकले की बाहेरून दृश्य अगदी कष्टाळू.

म्हणून आमच्या गटात नियम आहे: आधी आउटपुटची शेवटची ओळ आणि तिची वेळ बघायची, मग बाकी सगळं.

सिस्टिमकाका

@पाषाण_संशोधक, मोलाचा मुद्दा. कामाची प्रगती कामाच्याच मापाने मोजावी, म्हणजे किती रेकॉर्ड झाले, किती पायऱ्या झाल्या. आमच्याकडे ऑप्शन ५ मध्ये १४ ने उघड्या फाइली दिसतात, त्यात प्रत्येक फाइलचा आयओ काउंट आणि रिलेटिव्ह रेकॉर्ड नंबर असतो. एफ५ दाबत तो पुढे सरकताना बघितला की जॉब कुठवर आलाय याचा अंदाज येतो. फाइलमध्ये एकूण रेकॉर्ड किती हे माहीत असेल तर कधी संपेल तेही सांगता येतं.

रच्याकने (जाता जाता), पुण्याचा विषय निघालाच आहे तर: सी-डॅक या सरकारी संस्थेने परम ८००० हा सुपरकॉम्प्युटर उभा केला १९९१ मध्ये, डॉ. विजय भटकरांच्या नेतृत्वाखाली. ट्रान्सप्युटर चिप्स जोडून केलेलं समांतर यंत्र होतं ते. तेव्हा आम्ही तरुण होतो, त्या बातमीने छाती भरून आली होती.

माळावरचा_मुंगूस

धाग्याला फाटे फुटायला लागले म्हणजे धागा यशस्वी!

रातपाळी

दादा, दंडवत.

जॉब लॉग सीपीएफ१००२ ने भरलेला आहे. "ऑब्जेक्ट अ‍ॅलोकेट करता येत नाही", थोड्या थोड्या वेळाने, ओळीने. कॉल स्टॅकमध्ये आमचाच जुना सीएल प्रोग्राम. सोर्स उघडला तर अगदी तुम्ही म्हणालात तसं: स्टॉकच्या कामाच्या फाइलवर एक्सक्लुझिव्ह कुलूप मागतो, मिळालं नाही तर डिले, मग गोटू, म्हणजे परत सुरुवातीला.

मग त्या फाइलवर वर्कऑब्जएलसीके लावलं. कुलूप धरून बसलेला जॉब: क्यूझेडडीएएसओइनिट, यूजर क्यूयूजर, कुलूप शेअर रीड. असे क्यूझेडडीएएसओइनिट आमच्या सिस्टिमवर ढीगभर आहेत आणि सगळ्यांचा यूजर क्यूयूजरच. हा कोणाचा ते कसं शोधू?

कोल्हापुरी_रांगडा

आता तरी चार नंबर मारू द्या की!

डेटाबेस_दादा

थांब रांगडा.

क्यूझेडडीएएसओइनिट म्हणजे ओडीबीसी, जेडीबीसीने (दुसऱ्या संगणकावरून डेटाबेसला जोडायच्या सोयींनी) बाहेरून येणाऱ्यांसाठी आधीच उभे करून ठेवलेले सर्व्हर जॉब. क्यूयूएसआरडब्ल्यूआरके सबसिस्टिममध्ये असतात. जॉबच्या नावात यूजर कायम क्यूयूजर, पण वर्कअ‍ॅक्टजॉबच्या पहिल्या स्क्रीनवर "करंट यूजर" रकाना आहे, तिथे आत्ता खरं कोण वापरतंय ते दिसतं. त्या जॉबच्या लॉगमध्ये कोणत्या आयपीवरून कोण जोडलंय याचा निरोपही सापडतो.

रातपाळी

सापडलं. करंट यूजर म्हणजे अकाउंट्स विभागाचं रिपोर्टचं प्रोफाइल. त्यांच्या एका संगणकावर एक्सेल शीट आहे, ती ओडीबीसीने स्टॉकची फाइल वाचते. संध्याकाळी माणूस घरी जातो, एक्सेल उघडंच राहतं. काही महिन्यांपूर्वीच ती शीट सुरू झाली. आमचा जॉब लांबायला लागला तोही तेव्हापासूनच.

हिशेबनीस

मी अशाच एका कारखान्यात अकाउंट्सला आहे म्हणून आमची बाजू मांडतो. धाग्याचा सूर आता "अकाउंट्सवाल्यांनी अडवलं" असा व्हायला लागेल, आणि ते अन्यायाचं होईल.

आम्हाला महिनाअखेरीला मालाचा आकडा लागतो. आयटीकडे रिपोर्ट मागितला की तो रांगेत लागतो. त्यांच्याकडेही माणसं कमी आहेत, मान्य. मग कोणीतरी ओडीबीसी जोडून देतं आणि आम्हाला पहिल्यांदा आमचे आकडे आमच्या हाताने काढता येतात. ते आम्ही फक्त वाचतो, काही बदलत नाही. वाचल्याने कोणाचं काम अडू शकतं हे आम्हाला कोणी सांगितलंच नव्हतं. एक्सेल बंद करा म्हणालात तर आनंदाने करू. पण ती शीट काढून घेऊ नका.

सिस्टिमकाका

हिशेबनीस, तुमचं म्हणणं शंभर टक्के रास्त आहे. वाचणाऱ्याचा यात दोष नाही. फक्त वाचायचं कुलूप आणि एक्सक्लुझिव्ह कुलूप एकत्र नांदू शकत नाहीत, हा त्या फाइलचा नियम. खरा प्रश्न त्या सीएलचा आहे. तो कोणालाही न कळवता रात्रभर फिरत राहतो.

आता रांगड्याच्या चार नंबरबद्दल. ऑप्शन ४ दाबलं की एंडजॉब चालते. काही न लिहिता दाबलं तर ती कंट्रोल्ड असते, जॉबला आवरायला ३० सेकंद मिळतात. इमिजिएट लिहिलं तर तेवढीही सवड नाही. वाचणारा जॉब मारल्याने आज फार बिघडणार नाही, पलीकडे एक्सेलला एरर येईल आणि ते परत जोडलं जाईल. म्हणजे कुलूपही परत. पण ही सवय लागली की एक दिवस कोणीतरी लाखो रेकॉर्ड बदलत असलेला, बदल अजून पक्के (कमिट) न झालेला जॉब मारेल. मग रोलबॅक, म्हणजे केलेले बदल मागे घेणं, सुरू होतो, आणि तो मूळ कामाइतकाच किंवा जास्त वेळ घेऊ शकतो. त्या काळात ते रेकॉर्ड कोणालाच मिळत नाहीत. म्हणून मारण्याआधी त्या जॉबने काय धरलंय, काय बदललंय हे बघायचं, आणि ज्याचा जॉब आहे त्याला फोन करायचा. रात्रीचे दोन वाजले असले तरी.

कोल्हापुरी_रांगडा

पटलं काका. चार नंबरच्या आधी फोन नंबर.

डेटाबेस_दादा

@रातपाळी, अजून एक गंमत सांगतो. एक्सेलमधली क्वेरी कदाचित संध्याकाळीच पूर्ण झालेली असेल, तरी कुलूप तसंच राहिलं असेल. या मशीनचा डेटाबेस, डीबी२ फॉर आय, एकच क्वेरी परत परत येताना दिसली की तिचा कर्सर (निकाल वाचायचा दुवा) पूर्ण बंद करत नाही, वरवर बंद केल्यासारखं करून आत उघडा ठेवतो, म्हणजे पुढच्या वेळी पटकन वापरता येईल. वेगासाठी उत्तम, पण फाइलवरचं शेअर रीड कुलूप राहतं.

यावर उपाय तुमच्या सीएलमध्येच आहे. अ‍ॅलोकेट करणाऱ्या एएलसीओबीजे कमांडला कॉन्फ्लिक्ट नावाचा पॅरामीटर आहे. न लिहिता सोडला तर कोणाला काही विनंती जात नाही. त्यात "रिक्वेस्ट रिलीज"वाली किंमत टाका, म्हणजे स्टार आरक्यूएसआरएलएस. मग सिस्टिम त्या फाइलवर कुलूप धरलेल्या जॉबना सांगते, आणि असे अर्धवट बंद कर्सर खरोखर बंद होतात. कोणी खरंच त्या क्षणी वाचत असेल तर त्याचं काम मात्र मोडत नाही, तुम्हाला कुलूपही मिळत नाही. म्हणून दुसरा बदलही करा: लूपला मर्यादा घाला. ठरावीक वेळा प्रयत्न झाले की क्यूसिसऑपरला निरोप जाऊ दे. मग जॉब एमएसजीडब्ल्यूमध्ये उभा राहील आणि तुमच्या दर तासाच्या फेरीत सापडेल.

न्यू_जर्सीकर

+१. हे कॉन्फ्लिक्टचं कितीतरी लोकांना माहीत नसतं.

रातपाळी

मुद्द्यावर परत येतो. साहेबांना आता कायमची नजर हवी आहे. म्हणाले, ऑपरेटर रूममध्ये मोठी स्क्रीन लावू, त्यावर वर्कअ‍ॅक्टजॉब आपोआप रिफ्रेश होत राहील. कसं वाटतं?

सिस्टिमकाका

मला नाही पटत. शेकडो जॉब असलेल्या सिस्टिमवर वर्कअ‍ॅक्टजॉबला प्रत्येक जॉबची माहिती गोळा करावी लागते, त्याला स्वतःला सीपीयू लागतो. बऱ्याचदा यादीत वरच्या नंबरांत तीच कमांड चालवणारा जॉब दिसतो. जुन्या सर्व्हर मॉडेलांवर तर इंटरॅक्टिव्ह कामाला मर्यादा होती. ती ओलांडली की सीएफइंट नावाची आतली कामं सीपीयू खाऊन टाकायची, आणि ती वर्कअ‍ॅक्टजॉबवर दिसायचीही नाहीत. हल्लीच्या मशीनवर ती भीती नाही, पण विनाकारण पाच-पाच सेकंदांना रिफ्रेश कशाला?

आणि रिफ्रेशमध्येही खिडकी कुठून सुरू झाली ते कोण बघणार? लांबून फक्त टक्के दिसतील.

डेटाबेस_दादा

इथे माझं काकांशी थोडं वेगळं मत. मोठी स्क्रीन असू दे, फक्त हिरवी नको. क्यूसिस२ या सिस्टिमच्या लायब्ररीमध्ये अ‍ॅक्टिव्ह जॉब इन्फो नावाचं टेबल फंक्शन आहे. एसक्यूएलने विचारा: कोणत्या सबसिस्टिममधले, कोणत्या स्टेटसचे जॉब? मोजणी नव्याने सुरू करायचा पॅरामीटर त्यातही आहे. जास्तीची माहिती मागितली नाही तर ते हलकंही चालतं. क्यूबॅचमधले फक्त एलसीकेडब्ल्यू, डीएलवायडब्ल्यू आणि एमएसजीडब्ल्यू दाखवा. यादी रिकामी असेल तर रात्र चांगली चाललीय. ऑब्जेक्ट लॉक इन्फो हा व्ह्यू जोडला तर कुलूप कोणाकडे तेही त्याच पानावर येईल.

सिस्टिमकाका

याला माझी हरकत नाही. फक्त ऑपरेटरला हिरव्या स्क्रीनवर ऑप्शन ५, १०, ११, १२, १४ हाताने फिरता आलं पाहिजे. नेटवर्क गेलं की तुझं पान दिसणार नाही, कन्सोल दिसेल.

डेटाबेस_दादा

मान्य.

लोखंडी_ब्रिज

मधेच एक शंका. आमच्याकडे पार्टिशनवर (एकाच मशीनच्या पाडलेल्या भागांपैकी एकावर) वर्कअ‍ॅक्टजॉबच्या वरच्या ओळीत एकूण सीपीयू १०० च्या पुढे जातो. मशीन बिघडलंय का?

न्यू_जर्सीकर

नाही. तुमचं पार्टिशन अनकॅप्ड असणार. ठरवून दिलेल्या वाट्यापेक्षा जास्त सीपीयू शेजारच्या पार्टिशनकडे रिकामा पडला असेल तर ते उसना घेतं. टक्केवारी मात्र ठरलेल्या वाट्यावर काढतात, म्हणून १०० ओलांडते. शेजारी कामाला लागला की तो उसना मिळणार नाही, तेव्हा १०० च्या वरच्या भागावर वेळापत्रक आखू नका.

टर्मिनलवाली

आमच्या टॉपमध्ये चार कोअर वापरणारी एक प्रोसेस ४०० टक्के दिसते, शिफ्ट आय दाबलं की तोच आकडा मशीनमधल्या एकूण सीपीयूंनी भागून दाखवतं. एकूण काय, टक्के दिसले की आधी विचारायचं: कशाचे, आणि कोणत्या वेळेतले?

रातपाळी

मंडळी, ताजी बातमी. सीएलमध्ये दोन्ही बदल करून टेस्ट लायब्ररीत चालवलं, मग साहेबांच्या परवानगीने खऱ्या डेटावर. अकाउंट्सचं एक्सेल मुद्दाम उघडं ठेवलं होतं. पहिल्याच प्रयत्नात कुलूप मिळालं, लॉगमध्ये सीपीएफ१००२ नाही. जॉब पहिल्या पाळीच्या आत संपला. हिशेबनीस, शीट जागेवर आहे, कोणी काढून घेतली नाही.

आता मात्र नवीन गोष्ट दिसतेय. दुसऱ्या टप्प्यात स्टेटस सतत रन, एफ१० नंतरही सीपीयू ५-६ टक्केच, पण ऑक्सआयओ प्रचंड. म्हणजे आता तो खरंच डिस्कसाठी थांबतोय का? व्हेंडरचा मेमरीचा मुद्दा आता तपासायला हवा ना?

सिस्टिमकाका

बरोबर, आता तपासायची वेळ आली. आधी कुलपामुळे तो मुद्दा मोजताच येत नव्हता.

वर्कसिसएसटीएस लाव. तिथेही एफ१० आहे, दाब, आणि निदान पाच मिनिटं जाऊ दे. तुझा जॉब ज्या पूलमध्ये चालतो त्याच्या समोरचे डेटाबेस आणि नॉन-डेटाबेस फॉल्ट लिहून घे. मशीन पूलचे वेगळे लिही. "वेट टू इनएलिजिबल"च्या रकान्यात काही येतंय का बघ. येत असेल तर त्या पूलची, म्हणजे एका वेळी तिथे किती कामं चालू द्यायची ती, मॅक्स अ‍ॅक्टिव्ह मर्यादा कमी आहे. मेमरी विकत घेण्याआधी ती वाढवून बघता येते. क्यूपीएफआरएडीजे ही सिस्टिम व्हॅल्यू किती आहे तेही सांग. २ किंवा ३ असेल तर सिस्टिम पूलचे आकार चालू असताना स्वतः बदलते, मग एका वेळचा आकडा पुरणार नाही, रात्रभरात थोड्या थोड्या अंतराने घ्यावा लागेल.

आकडे इथे टाक. वेळेसकट.

रातपाळी

व्हॅल्यू २ आहे. आज रात्री आकडे घेतो, उद्या टाकतो.